धरण लहान, पूर मोठा

25 जुलै 2005 रोजी कुणी सांताक्रूझ वेधशाळेच्या जुन्या नोंदी समोर घेऊन ‘शंभर वर्षांतून एकदा’ पडणारा चोवीस तासांचा पाऊस काढायला बसले असते, तर उत्तर किती आले असते? त्या केंद्राचा तोवरचा एका दिवसाचा उच्चांक 400 मिलिमीटरच्या आत होता. नेहमीचे कुठलेही सूत्र लावले तरी आकडा 944 च्या आसपास फिरकला नसता. दुसऱ्या दिवशी तिथे 944 मिलिमीटर पडला, आणि त्यातला बहुतेक दुपारनंतर. त्याच दिवशी पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या कुलाब्याला जेमतेम 74.

मुंबईत त्या दिवशी काय झाले ते सगळ्यांना पाठ आहे. इथला मुद्दा वेगळा आहे. धरणाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, किती लांब ठेवायचा आणि धरणाचा माथा किती उंच न्यायचा, हे अशाच एका आकड्यावरून ठरते. तो आकडा एकदा निघाला, फायलीला लागला आणि धरण उभे राहिले की दगडात कोरल्यासारखा मानला जातो. प्रत्यक्षात ती त्या वर्षापर्यंतच्या नोंदींवर बेतलेली अटकळ असते. महाराष्ट्रातल्या असंख्य लहान मातीच्या धरणांच्या बाबतीत ही अटकळ दोन्ही अंगांनी तोकडी आहे. एक तर तिच्यामागच्या नोंदी जुन्या, आणि दुसरे म्हणजे ती बांधताना धरणाखाली किती माणसे झोपतात हे विचारण्याची सक्तीच नव्हती. म्हणून म्हणणे असे की सांडव्याची क्षमता धरणाच्या आकारावरून नव्हे, खालच्या वस्तीवरून ठरावी. आणि फेरतपासणीची सुरुवात कोयना-उजनीपासून नव्हे, वाडीच्या डोक्यावर बसलेल्या तलावापासून व्हावी.

आज नियम काय सांगतो ते पाहू. भारतीय मानक 11223, साल 1985. धरणाचा एकूण साठा 0.5 ते 10 दशलक्ष घनमीटर आणि पाण्याची प्रभावी उंची 7.5 ते 12 मीटर असेल तर धरण ‘लहान’, आणि त्याला शंभर वर्षांचा पूर पुरे. 10 ते 60 दशलक्ष घनमीटर आणि 12 ते 30 मीटर असेल तर ‘मध्यम’, त्याला स्टँडर्ड प्रोजेक्ट फ्लड, म्हणजे त्या भागात दिसलेल्या मोठ्या वादळांतून येणारा पूर. त्यापुढचे सगळे ‘मोठे’, त्यांना प्रोबेबल मॅक्सिमम फ्लड, संभाव्य महत्तम पूर. साठा एक वर्ग सांगत असेल आणि उंची दुसरा, तर वरचा वर्ग धरायचा. खाली वस्ती दाट असेल, धोका विशेष असेल तर यापेक्षा मोठा पूर घ्यायला हेच मानक मोकळीक देते. पण ती मोकळीकच. अंदाजपत्रक कात्रीत सापडले की मोकळीक कोण घेतो?

शंभर वर्षांचा पूर हा शब्दही फसवा आहे. त्याचा अर्थ तो शंभर वर्षांनी येतो असा नाही, तर कुठल्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का असा आहे. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या तलावावर तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के निघते. घराचे कर्ज फिटेपर्यंतच्या तीस वर्षांतही ती 26 टक्के असते. असे हजार तलाव असलेल्या राज्यात सरासरीने दरवर्षी दहांवर संकल्पित पुराइतका, म्हणजे ज्यावर सांडवा बेतला त्या पुराइतका, किंवा त्याहून मोठा पूर येणार, हा या नियमाचा साधा हिशेब आहे. पूर ओलांडला म्हणजे धरण फुटलेच असे नव्हे, कारण माथ्याखाली थोडी मोकळी उंची, फ्रीबोर्ड, राखलेली असते. पण मातीच्या धरणात तीच शेवटची राखीव पुंजी. माथ्यावरून पाणी पडू लागले की ते खालच्या उताराची माती पोखरत मागे मागे सरकते आणि काही तासांत भगदाड पडते. दगडी धरणावरून थोडे पाणी गेले तरी बहुधा निभावते, मातीचे निभत नाही.

आता मोठ्या पुराचा अंदाज प्रत्यक्षात कसा काढतात आणि तो कुठे चुकतो, ते जरा जवळून बघितले पाहिजे.

पहिली गोम पर्जन्यमापकातच आहे. आपल्याकडचे बहुतेक मापक सकाळी साडेआठला एकदा वाचले जातात. संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो आणि कागदावर दोन मध्यम दिवस दिसतात. म्हणून रोजच्या नोंदीला साधारण 1.13 ते 1.15 ने गुणून ‘कुठलेही सलग चोवीस तास’ करतात. हा गुणक विसरला की पूर तिथेच दहा-पंधरा टक्क्यांनी लहान झाला. दुसरी गोम जागेची. मापक असतो तहसिलीच्या किंवा मंडळाच्या गावात, पायथ्याला. पाणलोट असते वर घाटमाथ्यावर. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, तर डोंगर उतरून वाईत आले की हजाराच्या आत. वाईच्या मापकावरून महाबळेश्वरच्या ओढ्याचा पूर काढण्यासारखी चूक इतकी ढळढळीत कुणी करत नाही, पण पाच-सात किलोमीटरच्या फरकाने तीच चूक सह्याद्रीभर झालेली असू शकते.

मग येते वादळाची निवड. त्या हवामानी प्रदेशात आजवर पडलेले सर्वांत जबर पाऊस घ्यायचे, ते आपल्या पाणलोटावर पडले असते तर किती झाले असते ते मांडायचे, आणि त्या दिवशीच्या दवबिंदूवरून हवेत किती ओलावा होता ते काढून, त्या जागी त्या महिन्यात जास्तीत जास्त जितका ओलावा असू शकतो त्या प्रमाणात पाऊस वाढवायचा. यातून निघतो संभाव्य महत्तम पाऊस. वादळ कुठवर सरकवायचे याला मर्यादा आहे. सांताक्रूझचा पाऊस किनारपट्टीने रायगड-रत्नागिरीकडे नेण्यात तर्क आहे, पण सह्याद्रीचा कणा ओलांडून तो माण-खटावमध्ये ठेवण्यात नाही. 22 ते 23 जुलै 2021 च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पडला. घाटमाथ्यावरच्या ज्या धरणांचा हिशेब त्याआधी झाला, त्यांच्या वादळांच्या यादीत हा आकडा असणे शक्यच नाही. यादी पुढे सरकली, सांडवे तिथेच आहेत.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो तासांच्या वाटणीत. चोवीस तासांचा पाऊस हाती आला, पण तो कसा पडला? लहान पाणलोटात याच्यावरच सगळे अवलंबून असते. सहा चौरस किलोमीटरचा एक पाणलोट घेऊ, कोकणात किंवा मावळात असे शेकड्याने सापडतील. दिवसभरात 300 मिलिमीटर पडला आणि तो चोवीस तास समान पडला असे धरले तर तासाला साडेबारा मिलिमीटर होतात. जमीन भिजून चिंब असेल, मुरायला काही उरले नसेल, तर सेकंदाला सुमारे 21 घनमीटर पाणी येईल. त्याच 300 पैकी 100 मिलिमीटर एका तासात कोसळला तर त्या तासाचा सरासरी विसर्ग 167 घनमीटर. दिवसाचा आकडा तोच, पूर आठपट. म्हणूनच मोठ्या पुराच्या हिशेबात मुरण तासाला एक-दोन मिलिमीटरच धरतात आणि एकक जलालेखाचे, म्हणजे ठरावीक पावसाचे पाणी तासागणिक कसे येते ते दाखवणाऱ्या आलेखाचे, शिखर 25 ते 50 टक्क्यांनी उचलतात, कारण तुफान पावसात ओढे नेहमीपेक्षा वेगाने धावतात. तासांच्या नोंदी नसतील तर ही सगळी कसरत दुसरीकडच्या कुठल्या तरी स्वयंलेखी, म्हणजे पाऊस आपोआप नोंदत जाणाऱ्या, मापकाच्या भरवशावर चालते.

इंग्रजांच्या काळातले इंग्लिस या अभियंत्याचे पुराचे सूत्र अजूनही लघुपाटबंधाऱ्यांच्या फायलींत भेटते. क्षेत्रफळाला 124 ने गुणा आणि क्षेत्रफळात 10.4 मिळवून आलेल्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा. आपल्या सहा चौरस किलोमीटरला ते 184 घनमीटर देते. मुंबई इलाख्यातल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवरून काढलेले हे सूत्र त्या मानाने दणकट निघाले, हे कबूल करायला हवे. पण त्यात पाऊस हा शब्दच नाही. पाणलोट लांबट आहे की गोल, वर जंगल आहे की नव्या रिसॉर्टचे डांबर, त्याला काही ठाऊक नाही.

हाच तलाव पुढे नेऊ. सांडवा 30 मीटर लांब, साधा रुंद माथ्याचा, गुणांक 1.7. धरणाचा माथा सांडव्यापेक्षा अडीच मीटर उंच. 167 घनमीटरचा पूर जायला सांडव्यावर सुमारे 2.2 मीटर पाणी चढेल. तलावात थोडे पाणी साठून शिखर जरा बसेल, पण पावसाळ्यात आधीच तुडुंब असलेला लहान तलाव फारसा दिलासा देत नाही. म्हणजे माथ्याला उरले तीस सेंटिमीटर. वाऱ्याच्या लाटांना ते पुरतील की नाही हा प्रश्नच आहे. आता सप्टेंबरचे चित्र आठवा. पाऊस ओसरतोय, रब्बीसाठी आणखी थोडे पाणी अडावे म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर उंच वाळूची पोती किंवा दगडांची रांग रचलेली आहे. कुणाचाही हेतू वाईट नाही. पण माथ्यापर्यंतची अडीच मीटरची वाट आता दोन मीटरची झाली, आणि तिची क्षमता सुमारे 200 घनमीटरवरून 144 वर आली. अर्ध्या मीटरच्या पोत्यांनी चौथ्या हिश्श्याहून जास्त सांडवा खाल्ला. परतीच्या पावसात तोच 167 चा पूर आला तर पोती वाहून जाण्याच्या आशेवर धरण उभे. सांडव्याच्या पुच्छ कालव्यात, म्हणजे सांडव्यावरून आलेले पाणी पुढे नेणाऱ्या चरात, वाढलेल्या बाभळी आणि घाणेरी हेच काम बारमाही करत असतात.

दरवाजांच्या धरणांत वेगळी भीती. किमान दहा टक्के दरवाजे, निदान एक तरी, अडकून बसेल असे धरूनच पूर धरणातून कसा जाईल याचा हिशेब करावा असे मानक सांगते. काही जणांना हा अतिरेक वाटतो. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुंगभद्रेचा 19 क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, तिथे निदान अडचण पाणी थांबवण्याची होती, सोडण्याची नव्हती. 19 नोव्हेंबर 2021 ला आंध्रात चेय्येरू नदीवरचे अन्नमय्या धरण फुटले. सांडव्याची क्षमता 2.17 लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट), आलेला पूर सुमारे 3.2 लाख, आणि पाचपैकी एक दरवाजा उघडण्याच्या स्थितीत नव्हता. गुजरातेतल्या मोरबीचे मच्छू-2 धरण तर पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. क्षमता सेकंदाला सुमारे 5,660 घनमीटर, 11 ऑगस्ट 1979 चा पूर त्याच्या जवळजवळ तिप्पट असल्याचा अंदाज. मातीचे बांध दोन्ही बाजूंनी गेले आणि मोरबी शहर पाण्याखाली गेले.

अन्नमय्याच्या प्रकरणात आणखी एक धडा आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा घेतला गेलेला नाही. त्याच्या वर पिंचा धरण होते आणि त्याचा बांध आधी गेला. पुण्याला हे नव्याने सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेत गेले आणि पाठोपाठ खडकवासला गेले. पानशेतचे कारण अतिवृष्टीपेक्षा अपुरे बांधकाम आणि घाईने भरलेला साठा हे होते, पण खालच्या धरणाच्या दृष्टीने पाणी ते पाणी. आज आपण मोठ्या धरणाला संभाव्य महत्तम पुराची कसोटी लावतो आणि त्याच्याच पाणलोटात शंभर वर्षांच्या पुरावर बेतलेले पाच-सात तलाव बांधतो. ज्या वादळात मोठ्या धरणाची परीक्षा होणार, त्या वादळात वरचे तलाव आधीच नापास झालेले असणार. मग त्यांचे पाणी खालच्या धरणाच्या पुराच्या हिशेबात का मिळवत नाही? लहान तलावांना सूट देण्याचा सगळा आधारच इथे ढासळतो.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशाचा. प्रत्येक पाझर तलावाला महत्तम पूर लावला तर सांडवा धरणापेक्षा महाग पडेल. खरे आहे, आणि तसे करूही नये. माळरानावरच्या, खाली दहा किलोमीटर एकही घर नसलेल्या तलावाला शंभर वर्षांचा पूर पुरतो, कधी कधी त्याहून कमीही चालेल. वस्तीवरून वर्गवारी केली तर काही धरणांचा निकष खालीही येईल, ही बाजू कुणी मांडत नाही. ज्यांचा निकष वर जाईल त्यांच्यासाठी दर वेळी नवा सांडवा फोडायची गरज नसते. खिंडीतून जादा सांडवा काढता येतो. ठरावीक पातळीला आपोआप वाहून जाणारा मातीचा कच्चा बांध ठेवता येतो. माथ्यावर भरीव कठडा बांधून फ्रीबोर्ड मिळवता येते, जागा अरुंद असेल तर नागमोडी सांडव्याने त्याच रुंदीत जास्त लांबी बसवता येते. काहीच जमले नाही तर पूर्ण संचय पातळी, म्हणजे तलाव जिथवर भरू द्यायचा ती पातळी, अर्धा मीटर खाली आणायची. शेतकऱ्यांना ते रुचणार नाही, आणि त्यांचे नुकसान भरून द्यावे लागेल. तोही खर्चच, पण हिशेबात धरण्याजोगा.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू असतो: महत्तम पाऊस ही मुळातच कल्पना, तिच्या मागे किती धावायचे? यात तथ्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने 2024 मध्ये नेमके हेच सांगितले. ‘याहून जास्त पडूच शकत नाही’ अशी वरची मर्यादा ठामपणे सांगता येत नाही, म्हणून महत्तम पावसाची व्याख्या ‘ओलांडला जाण्याची वार्षिक शक्यता अत्यंत कमी असलेला पाऊस’ अशी आणि विशिष्ट हवामानकाळापुरती करावी. ‘विशिष्ट हवामानकाळ’ हे शब्द महत्त्वाचे. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून जवळपास तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने 2017 मध्येच दाखवले आहे. आकडा अनिश्चित आहे, म्हणूनच तो काढल्याची तारीख त्याच्या शेजारी लिहायला हवी.

कायद्याने यातले बरेच मान्य केले आहे. धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 ला लागू झाला. पहिले सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन पाच वर्षांत करायचे आणि त्यात संकल्पित पुराची फेरतपासणी सक्तीची. आपत्कालीन कृती आराखडाही त्याच मुदतीत. धोक्यावरून धरणांचे वर्ग पाडण्याची मार्गदर्शिका केंद्रीय जल आयोगाने 2020 मध्ये काढली आहे. हत्यारे आहेत. पण हा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, किंवा 10 ते 15 मीटरच्या अशा धरणांना, ज्यांची लांबी, साठा, विसर्ग वगैरेंपैकी एखादी अट भरते. नऊ मीटर उंचीचा, खाली चाळीस घरे असलेला जिल्हा परिषदेचा किंवा जलसंधारणाचा तलाव या चौकटीबाहेरच राहतो. मोठ्या धरणांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला, यादीत दोन हजारांहून जास्त. ते काम मुदतीत संपवतानाच यंत्रणेची दमछाक होणार. म्हणून राज्याने स्वतःच्या नियमाने लहान तलावांची एक वेगळी, छोटी यादी करावी: ज्यांच्या खाली दोन-तीन किलोमीटरच्या आत वस्ती आहे तेवढेच. अशा तलावाची तपासणी म्हणजे फार मोठा अभ्यास नव्हे. पाणलोटाचा नकाशा, जवळच्या स्वयंचलित केंद्रांचे तासाचे आकडे, सांडव्याची फीत लावून घेतलेली मोजमापे, माथ्याची पातळी. महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पाची केंद्रे आता दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत आहेत. 65 मिलिमीटरला अतिवृष्टी ठरवून पंचनामे करायला आणि पीकविम्याला ते आकडे चालतात, तर सांडव्याच्या हिशेबाला का चालू नयेत? वर्षे थोडी आहेत हे खरे, पण तासांची वाटणी तरी आपल्याच डोंगरातली मिळेल.

तपासणीनंतर एक नकाशा गावात लागला पाहिजे. धरण फुटले तर पाणी कुठल्या घरापर्यंत, किती उंच आणि किती मिनिटांत येईल एवढेच दाखवणारा. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी आधी झाल्या होत्या. असा लोंढा सेकंदाला तीन-साडेतीन मीटर वेगाने आला तरी दोन किलोमीटरवरच्या वाडीला जेमतेम दहा मिनिटे मिळतात. धरणावरच्या चौकीदाराचा फोन शाखा अभियंत्याला, तिथून तहसीलदाराला, तिथून पोलीस पाटलाला आणि मग वाडीत हाळी, याला रात्री दहा वाजता, रेंज गेलेली असताना किती मिनिटे लागतात, तोही आकडा त्याच नकाशावर शेजारी लिहावा.